समोरून येणारे नमस्कार

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. दर वर्षी एक जानेवारीला सुरू करतो आणि संक्षिप्त होत होत पंधरा दिवसांत बंद पडते. दोष जानेवारीचा होता. म्हणून या वेळी नोव्हेंबर.

निमित्त मोठं आहे. महिनाअखेरीला सोसायटीच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि मी उभा राहतोय. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीला चिकटून आहेत. माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघतो.

खरं कारण इथंच लिहितो, कारण हे वाचणार कोणी नाही. बायको शाळेत गणित शिकवते. अर्ध्या सोसायटीची मुलं तिच्या हाताखालून गेली. त्यामुळे ती 'बाई' आणि मी 'बाईंचे मिस्टर'. परवा कुरिअरवाला माझ्या नावाचं पाकीट घेऊन आला आणि मलाच विचारतो, बाईंचे मिस्टर तुम्हीच ना? मी सही केली. पण लागलं मनाला.

५ नोव्हेंबर, रात्री जेवणानंतर
जाहीरनाम्याचा मुद्दा सापडला. अंधार.

ऑफिसातून येताना आवारात वळलो आणि पार्किंगचा खांब दिसलाच नाही. खांब थोडक्यात बचावला. डॉक्टरांनी काटकसरीच्या नावाखाली आवारातले दिवे मंद केलेत, यात मला तिळमात्र शंका नाही.

बायको म्हणाली, आवारातले दिवे आहेत तेच आहेत, तुमच्या गाडीचे पिवळे पडलेत, एकदा दाखवून घ्या. मी म्हणालो, पिवळा प्रकाश डोळ्यांना थंड असतो. ती म्हणाली, गाडीचे दिवे डोळ्यांच्या थंडाव्यासाठी लावत नाहीत, रस्ता दिसण्यासाठी लावतात. गणितवाल्यांना सौंदर्यदृष्टी नसते.

८ नोव्हेंबर
उजवा दिवा मिचमिचतो. बॉनेटवर एक चापट मारली की नीट होतो. दोष दिव्याचा नाही, रस्त्याचा. गचके बसले की कोणीही मिचमिचेल.

संकल्प: रविवारी गॅरेजला जाणे.

९ नोव्हेंबर, रविवार
गॅरेजला जाण्याची गरज उरली नाही. भर दुपारी स्वतःच दिवे तपासले. गाडीसमोर उभा राहून नीट बघितलं. ऊन फार होतं, पण दोन्ही बल्ब जागच्या जागी होते. बायकोनं गॅलरीतून विचारलं, लागतात का? मी म्हणालो, लागत असणारच.

दुपारी जाहीरनाम्याची पहिली ओळ लिहिली: 'अंधारातून उजेडाकडे.' पुढची सुचेना. झोपलो.

११ नोव्हेंबर
विलक्षण गोष्ट. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या एका गाडीनं मला डिपर दिला. दिव्यांची दोनदा उघडझाप, ओळखीच्या माणसाला करतात तशी. माणूस ओळखीचा नव्हता. निदान माझ्या. त्याच्या मात्र मी ओळखीचा असणार. थोडं पुढं गेल्यावर आणखी एकानं दिला.

उमेदवारीची बातमी पसरलेली दिसते. आपल्या सोसायटीतली माणसं याच रस्त्यानं जातात येतात, हे विसरून चालणार नाही.

१२ नोव्हेंबर
आज तर रांगेनं डिपर. एका टॅक्सीवाल्यानं तर काच खाली करून हात बाहेर काढला आणि माझ्या गाडीकडे बोट दाखवत काहीतरी ओरडला. नीट ऐकू आलं नाही. पण उत्साह कळत होता. मीही हात हलवला.

सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं टॉर्च उचलून गाडीच्या उजव्या बाजूवर दोनदा उजेड पाडला. डॉक्टरांच्या गाडीला तो नुसतं फाटक उघडतो. मी पाहिलंय.

संकल्प: प्रत्येक डिपरला उत्तर द्यायचं. लोकांनी प्रेम दाखवावं आणि आपण तोंड फिरवावं, हे बरं नाही.

१४ नोव्हेंबर
उत्तर देता देता दमलो. त्यातच चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानंही हात वर केला. मीही केला आणि पुढं निघालो. आरशात बघितलं तर तो अजून हात वर धरून उभा होता, शिवाय शिट्टी वाजवत होता. पोलीस खातं सहसा कोणाची बाजू घेत नाही, म्हणून जास्त बरं वाटलं.

एक अनुभव मात्र खटकला. पुलाजवळ समोरून येणारा टेम्पो मधली रेघ ओलांडून थेट माझ्या अंगावर आला आणि अगदी शेवटी वळला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, मला वाटलं मोटरसायकल आहे. एवढ्या मोठ्या गाडीला मोटरसायकल म्हणतो. बायकोला सांगितलं नाही. तिनं पुन्हा दिव्यांचं काढलं असतं.

एक निरीक्षण: रस्त्याची उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा जास्त काळोखी आहे. आवारातही तसंच. डॉक्टर राहतात त्या बाजूला. नोंद करून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्रचार. पहिल्या मजल्यावरच्या मावशींकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि नातवाचं गणित कसं सुधारलं ते सांगितलं. मी अंधाराचा मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, बाईंना सांगा, पोरगा आता अपूर्णांकाला घाबरत नाही. मी अंधार पुन्हा मांडला. त्या म्हणाल्या, हो हो, बघू. एक मत पक्कं.

समोरच्या फ्लॅटमधले बँकवाले काका, रिटायर्ड. ते म्हणाले, मला तर आवारात सगळं दिसतं, परवा चष्म्याशिवाय पेपर वाचला. मी म्हणालो, काका, तुम्ही पायी असता. गाडीत बसल्यावर अंधार कळतो. ते म्हणाले, मग एकदा बसवा गाडीत.

इथंच मला कल्पना सुचली. प्रात्यक्षिक. पुढच्या रविवारी, मतदानाच्या आठ दिवस आधी, मतदारांना माझ्या गाडीत बसवून आवार फिरवायचं. अंधार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. अशी निवडणूक आजवर कोणी लढवली नसेल.

बायकोला सांगितलं. तिनं हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली, अहो, त्याआधी बल्ब बदला. दोन्ही बदला, जोडीनं. तुमचा उजवा गेलाय आणि डावा जायच्या वाटेवर आहे. मी विचारलं, तू माझ्या बाजूनं आहेस की डॉक्टरांच्या? ती म्हणाली, तुमच्याच बाजूनं आहे, म्हणून सांगतेय.

बघू. आत्ता बल्ब बदलले आणि सगळं लख्ख दिसलं, तर प्रात्यक्षिक कसलं करणार?

हे वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. थोडं विचित्र वाटतंय. पण मुद्दा बरोबर आहे.

२० नोव्हेंबर
डिपर वाढतेच आहेत. आज ऑफिसात साहेबांनी माझा रिपोर्ट परत पाठवला, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी थांबलं नाही, आणि तरी मी दिवसभर खुशीत होतो. संध्याकाळी निघायची वाट बघत होतो. अंधार पडल्याशिवाय निघतच नाही हल्ली. उजेडात लोक ओळखत नाहीत, का ते कळत नाही. अंधारात बरोबर ओळखतात.

हल्ली लांबच्या रस्त्यानं येतो. बायको विचारते, उशीर का? कामाचं कारण सांगितलं. रस्त्यावर अनोळखी माणसं आपल्याला नमस्कार करतात, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि किती बरं वाटतं, तेही.

२३ नोव्हेंबर, रविवार, रात्री
प्रात्यक्षिक झालं.

घडलं तसं लिहितो. गाडीत बँकवाले काका पुढं, मावशी मागं, शेजारी त्यांचा नातू. बाकी मंडळी बाहेर उभी. मी गाडी मागच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर एक फिकट पिवळा ठिपका पडला. मी म्हणालो, बघा, एवढी मोठी भिंत आणि केवढा हा अंधार, याला जबाबदार कोण? लोक एकमेकांकडे बघू लागले. परिणाम होत होता.

नेमके तेव्हाच डॉक्टर दवाखान्यातून आले. त्यांनी गाडी माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी केली. सगळी भिंत उजळली. शेवाळं, पाइप, भेगा, कोणीतरी खडूनं काढलेला हत्ती, सगळं दिसलं.

काकांनी विचारलं, त्यांचे भिंतीवर दोन गोल पडलेत, आपला एकच कसा? मी म्हणालो, माझा प्रकाश एकवटलेला आहे. नातवानं खाली उतरून गाडीच्या पुढं जाऊन बघितलं आणि तिथूनच जाहीर केलं, आजी, यांचा एक दिवा बंद आहे.

मी बॉनेटवर चापट मारली. डावाही गेला.

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत, तेच जास्त झोंबलं. ते म्हणाले, माझ्याकडे गॅरेजवाल्याचा नंबर आहे, देऊ का? परत जाताना प्रत्येकानं बायकोला काहीतरी सांगितलं. मला कोणी काही सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
विचार केला. प्रात्यक्षिक फसलं असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांच्या गाडीत नक्कीच परवानगीपेक्षा जास्त प्रखर दिवे आहेत. लोकांना नंतर कळेल.

सकाळी बायको गाडी घेऊन गॅरेजला गेली आणि दोन्ही बल्ब बदलून आणले. जुने बल्ब कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले. दोन्हींची काच आतून काळी झालेली. मी म्हणालो, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ती म्हणाली, मी काही सिद्ध करत नाहीये, तुम्ही रात्री नीट घरी यावं एवढंच. पुलाजवळचा टेम्पो तिला माहीत होता. टेम्पोच्या मागंच तिच्या शाळेची एक शिक्षिका होती.

मी गाडीची किल्ली घेतली आणि ऑफिसला गेलो.

२५ नोव्हेंबर
नमस्कार बंद.

काल वाटलं, योगायोग असेल. आज मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आलो, शिवाय एक चक्कर जास्त मारली. समोरून शेकड्यानं गाड्या आल्या आणि गेल्या. एकही डिपर नाही. पोलिसानं बघितलंसुद्धा नाही. वॉचमननं नुसतं फाटक उघडलं.

एका प्रात्यक्षिकानं एवढं? बातमी मोठ्या रस्त्यापर्यंत इतक्या लवकर पोचते? जनता फार चंचल असते.

३० नोव्हेंबर, रविवार
मतदान झालं. डॉक्टर निवडून आले. मला पाच मतं, माझं एक धरून. मावशी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, मी तुम्हालाच दिलं हो, बाईंकडे बघून. मागून बँकवाले काका आले. म्हणाले, मीही, बाईंकडे बघून.

बायकोला विचारलं, तू कोणाला दिलंस? ती म्हणाली, मत गुप्त असतं. बरोबर आहे. त्या पाचांत तिचं असेल तर उत्तमच, नसेल तरी पुन्हा विचारायचं नाही.

संध्याकाळी तिच्यासमोर मन मोकळं केलं. म्हणालो, हरण्याचं दुःख नाही, पण माणसं किती लवकर बदलतात बघ. पंधरा दिवस अख्खा रस्ता मला डिपर देत होता. अनोळखी माणसं हात करत होती. आता कोणी ओळख दाखवत नाही.

तिनं पेन खाली ठेवलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. मग म्हणाली, अहो, ते तुम्हाला सांगत होते, दिवा गेलाय म्हणून.

मी विचारलं, सगळेच?

ती म्हणाली, हो, सगळेच.

मग उठून तिनं चहा टाकला. दोघांनी घेतला.

उद्यापासून ऑफिसला बसनं जावं म्हणतो. स्टॉपपर्यंत चालणंही होतं.