पूर्वेकडे पाय

गुरुवार, तारीख १९

माईंना नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. पण रविवारीच तर भेटलो आणि तुमचा गुडघा कसा आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठे काढले आहे. शेजारणीकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून, बसून, तुम्हीच वाचा.

माझे नेहमीसारखेच चालले आहे. शवागारातले जुने शीतकपाट पुन्हा घरघरते. तुम्ही विणलेला मफलर उन्हाळ्यातही गळ्यात असतो, कारण आत थंडी बारमाही. परवा डॉक्टर म्हणाले, "कुणी विणला रे? माणूस शिवताना माझेसुद्धा टाके इतके सारखे पडत नाहीत." हे तुम्हाला सांगायचे राहून गेले होते.

तुम्ही एकदा विचारले होते, "बाळा, तुमच्यात तर जाळतात. मग आमच्यातलं तुला इतकं कसं माहीत?" तेव्हा मी हसून विषय बदलला. आज सांगतो.

सातवीत असताना गुरुजींनी मला बक्षीस म्हणून एक पातळ पुस्तक दिले होते. जगातल्या मोठ्या धर्मांची ओळख करून देणारे. प्रत्येक धर्माला आठ-दहा पाने. कोणाला मानतात, काय वाचतात, उपास केव्हा धरतात, आणि शेवटी माणूस गेल्यावर काय करतात. आमच्या गावात मी त्यातले दोनच धर्म पाहिले होते, बाकीचे मला त्या पुस्तकातच भेटले. गुरुजी म्हणायचे, "सगळ्यांच्या आत एकच आहे रे." मी ते मनापासून मानले. अजूनही मानतो की नाही, ते आता सांगता येत नाही.

शवागारात नोकरी लागली तेव्हा ते पुस्तक सोबत होते. आणि लवकरच कळले, की आत एक असेलही, पण माझ्या हाताला लागते ते बाहेरचे, आणि तिथे काहीच एक नाही. मुसलमान माणसाला अंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळतात, उजव्या कुशीवर, काबेच्या दिशेला तोंड करून मातीत ठेवतात, आणि उशीर केलेला त्यांना सोसत नाही. ज्यू लोक मृताला क्षणभरही एकटे सोडत नाहीत. एक म्हातारे गृहस्थ भावाच्या ट्रॉलीजवळ स्टूल टाकून रात्रभर प्रार्थना पुटपुटत बसले होते. काही बौद्ध मंडळी सांगतात, काही तास हातसुद्धा लावू नका, जाणाऱ्याला शांतपणे जाऊ द्या. हिंदू घरातले तोंडात पाणी घालायला आत येऊ द्या म्हणून हात जोडतात. शीख माणसाचे कडे काढायचे नाही, ते अंगावर तसेच अग्नीत जाते. आणि तुमच्यातले जुने लोक पाय पूर्वेकडे ठेवतात, म्हणजे शेवटच्या दिवशी उठून उभे राहिले की तोंड प्रभूकडेच.

हे सगळे मी एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहून दाराशी टांगले. लोक विचारायला यायचे. डॉक्टर थट्टा करायचे, "हात बघून धर्म सांगतोस, आता भविष्यही सांगायला लाग!" माई, मला ते आवडायचे. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला मोठ्या दवाखान्यात कुणी काही विचारते, याचा मला गर्व होता. मी दररोज देवाचे नाव घेऊन कामाला लागायचो आणि प्रत्येक मृतासाठी मनात एक ओळ म्हणायचो, त्याच्या धर्माची. तो गर्व मला भक्तीच वाटायचा.

आता मला लंबूबद्दल लिहायचे आहे. इथे येईपर्यंत दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

तुमचा लेक लंबू आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात काहीच नव्हते. तो कामाला होता त्या कारखान्यापासून इतक्या लांब, रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेला. वरच्या वॉर्डात डॉक्टरांनी वाचवायची खटपट केली होती, त्यासाठी डोके भादरले होते. दाढी होती. गळ्यात काही नव्हते. उजव्या मनगटात पोलादी कडे होते.

आमच्याकडे नियम असा, की ओळख पटली नाही तर ठरलेले दिवस वाट पाहायची. मग धर्माच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहायचे आणि माणसाला मातीत द्यायचे. उद्या कुणी आले तर दाखवता यावे म्हणून. मात्र धर्म कळला असेल तर त्या लोकांना बोलावून त्यांच्या पद्धतीने करायचे.

डॉक्टर म्हणाले, "लिही, माहीत नाही."

मी म्हणालो, "साहेब, कडं बघा की. शीख आहे."

"केस?"

"केस तर आपणच काढलेत."

ते म्हणाले, "तू म्हणतोस तर असेल बाबा. धर्मखातं तुझ्याकडे."

मी रकान्यात 'शीख' लिहिले आणि खाली सही केली.

गुरुद्वाऱ्यातून तीन वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी त्याला धुतले, नवे कपडे घातले. ज्याला कधी पाहिले नव्हते त्याच्यासाठी अरदासची प्रार्थना म्हणताना एकाचे डोळे भरून आले होते. कुणीही काही कमी केले नाही, माई. जे काही चुकले ते माझ्या त्या एका शब्दात चुकले. त्याला जाळले. राख वाहत्या पाण्यात सोडली.

अकराव्या दिवशी तुम्ही फोटो घेऊन खिडकीशी उभ्या राहिलात.

आमच्या नोंदवहीतला फोटो तुम्ही ओळखलात. हातातल्या पोलिसांच्या कागदावर 'अंत्यविधी पार पडला' एवढेच होते. तुम्ही रडला नाहीत. मला विचारलेत, "मातीच दिली ना रे बाळा? आमच्यासारखी?" तुमच्या गळ्यातला क्रूस तेव्हा मला दिसला आणि माझी मान हलली. 'हो' असे मी तोंडाने म्हणालो नाही, पण मान हलली. मग तुम्ही म्हणालात, "मला तिथं घेऊन चल."

सार्वजनिक दफनभूमीत बेवारशांच्या रांगेत त्या महिन्यातले पाच उंचवटे होते. खणणारा कुंपणाच्या सोयीने खणतो, दिशा बघत नाही. पाचांतल्या एकाचेच पाय पूर्वेकडे होते. माझ्या पुस्तकी ज्ञानाने मी तो उंचवटा निवडला. २१४ नंबर. तुम्ही सूर्याकडे पाहून दिशा ताडलीत आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

मग दर रविवारी आपण तिथे जात राहिलो. तिसऱ्या रविवारी तुम्ही सांगितलेत, की कारखान्यात लेथ मशीनवर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने पाइपचा तुकडा कातून कडे केले, हौसेने घातले, मग हात भरला आणि ते निघेना. क्रूसाची साखळी मशीनमध्ये अडकते म्हणून ती मात्र रोज खिळ्याला लावून जायचा. "कडं काढलंत का रे, की तसंच गेलं त्याच्याबरोबर?" मी म्हणालो, "तसंच गेलं." चौदा महिन्यांत तुमच्याशी मी बोललेले तेवढेच खरे.

सांगायचे अनेकदा ठरवले. एकदा आडून विचारलेही, की समजा कुणाला जाळले तर काय. तुम्ही म्हणालात, "फादर म्हणतात, देव राखेतूनसुद्धा उठवतो. उठवेल रे, त्याला काय अवघड? पण मला ओळखू यायला हवा ना तो." त्यानंतर माझी हिंमत झाली नाही. मी तुम्हाला फुलांसाठी पाणी आणून देत राहिलो.

आणि आता तुमच्या आजारात डॉक्टरांनी तुम्हाला वर्षाच्या आतली मुदत दिली आहे. २१४च्या शेजारची जागा तुम्ही स्वतःसाठी मागितलीत. अर्ज मीच लिहून दिला. माझ्याच अक्षरात आहे तो.

मंगळवारी एक माणूस आला. त्याच्या भावाची ओळख पटली आहे, तो २१४मध्ये आहे. कागद बरोबर आहेत. शनिवारी ते त्याला उकरून आपल्या गावी नेणार. रविवारी तुम्ही याल तेव्हा तिथे खड्डा असेल.

म्हणजे मी आजही स्वतःहून बोललो नसतो, माई. तो माणूस आला म्हणून लिहितो आहे. हेही तुम्हाला कळायला हवे.

तुम्हाला दाखवायला माझ्याजवळ कुठलीही जागा नाही. नदीचे नाव सांगू शकतो, पण पाणी तर चौदा महिन्यांपूर्वीच पुढे गेले. पाया पडावे म्हटले तर तुम्ही आधी उठवाल, आणि ते मला सोसणार नाही. क्षमा मागत नाही. कोणत्या शब्दांत मागतात ते सगळ्या धर्मांचे मला पाठ आहे, म्हणूनच मागवत नाही. सकाळी देवासमोर बसतो. ओठ हलतात, पण आत कुणी ऐकत असेल असे आता वाटत नाही. मृतांसाठीची ओळही म्हणत नाही. कोणाची म्हणू?

पुठ्ठा काढून टाकला. आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही, बाजूला लाल शाईने दुरुस्ती लिहावी लागते. काल मी लंबूच्या ओळीसमोर लिहिले: 'धर्म ख्रिस्ती. ओळख माझ्याकडून चुकली. आईला खोटे सांगितले.' खाली सही केली. वरिष्ठांनी बोलावले आहे. जाईन.

शेजारच्या जागेचा तो अर्ज मी परत घेतलेला नाही. तो तुमचा आहे. ठेवायचा की फाडायचा, तुम्ही सांगाल तसे.

रविवारी मी फाटकाशी येणार नाही. तुम्हाला माझ्याकडे न बघता आत जाता यावे म्हणून. बादली नळाजवळ ठेवली आहे, ती जड आहे, अर्धीच भरा.

पत्राच्या शेवटी 'आपला' लिहितात. मी ते लिहू शकत नाही.

ज्याच्या हाताने तो रकाना भरला,
तो शवागारातला माणूस