पर्लची भूमिका

इंगलवूड,
रविवार, २ फेब्रुवारी

लाडक्या वेल्डास,

तुझा गुडघा कुरकुरत असणार आणि तरीही तू चर्चच्या स्वयंपाकघरात उभ्यानं राबत असणार, हे न विचारताच धरून चालते. इकडे मी ठीक. परसातल्या लिंबाला या वर्षी इतकी फळं आली की शेजारणी आता मला बघून दार लावून घेतात.

मोठी बातमी आधी सांगते. मला काम मिळालं. नेहमीचं नव्हे. नर्स नाही, न्यायाधीश नाही, तुरुंगात गेलेल्या पोराची आई नाही. अख्खा सिनेमाच त्या बाईचा आहे. पर्ल तिचं नाव. ओकलंडमध्ये सिटी बस चालवते, नवरा वारलाय, आणि निवृत्तीच्या तोंडावर एके दिवशी ती रिकामी बस घेऊन सरळ लुईझियानाच्या वाटेला लागते. मी संहिता हातात घेतली आणि सवयीनं पानं उलटत राहिले, ही बाई कुठल्या पानावर मरते ते शोधत. मरतच नाही गं! शेवटच्या पानावरही गाडी चालवतेच आहे.

दिग्दर्शिका केझाया रोलिन्स. आपल्यातलीच, काळी, तिशीतली, दिसायला मूठभर. मला ‘मिस आर्नेटा’ म्हणते आणि मग माझं काही एक ऐकत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीच्या दिवशी रंगभूषेच्या खुर्चीत बसले आणि पर्समधून माझा पावडरचा डबा काढला. तिथली मुलगी म्हणाली, “ठेवा तो आत, मिस आर्नेटा. तुमचा रंग आहे माझ्याकडे.” इतकी वर्षं तो डबा घरून नेतेय मी, कारण त्यांच्याकडे माझ्या रंगाचं कधी काही नसायचंच. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. एवढा, की डोळ्यांत पाणी आलं आणि त्या बिचारीला सगळं पुसून पुन्हा करावं लागलं. राग कुणावर, ते अजून कळलेलं नाही. त्या पोरीवर तर नक्कीच नाही.

सध्या असंच चाललंय. जे वाटायला हवं ते वाटत नाही, भलतंच वाटतं.

आता जॉर्जेटचं ऐक. जॉर्जेट बॅस्किनबद्दल मी तुला आयुष्यभर चहाड्या सांगत आलेय. जिथे मी ऑडिशनला जावं तिथे ती आधीच येऊन, पायावर पाय टाकून बसलेली. भूमिका एक आणि आम्ही दोघी. तिथले लोक तिला आर्नेटा म्हणत आणि मला जॉर्जेट. एकदा माझ्या कामाचं कौतुक तिच्या नावानं छापून आलं, वर फोटोही तिचाच. माझ्याहून ती फूटभर उंच आहे, तरीही.

तर पैसा लावणारी कंपनी ऐनवेळी केझायाला म्हणाली, आर्नेटा प्रुइट कोण? जरा ओळखीचा चेहरा घ्या. आणि त्यांनी परस्पर जॉर्जेटला फोन केला. तिची ती मालिका गाजली होती ना, म्हणून. मला यातलं काहीच ठाऊक नाही. एका रविवारी चर्चहून येऊन मी चपला काढतेय तर दारात ही उभी, हातात गंबोच्या रश्शाचं पातेलं. आत ये म्हणायच्या आधीच आत आली.

“कंपनीनं मला पर्लसाठी बोलावलंय,” म्हणाली.

माझी दुसरी चप्पल पायातच राहिली. “मग?”

“मग काय? पर्ल आर्नेटा प्रुइटची आहे असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.”

वेल्डा, मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. मी काय म्हणाले माहितीय? “तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला?”

“उपकार? तुझ्यावर? अगं बये, मला वेड लागलंय का?” तिनं पातेलं ओट्यावर आदळलं. “एका खुर्चीसाठी जन्मभर झुंजवलं त्यांनी आपल्याला. आता खुर्ची तुला मिळाली, तर तुझ्याखालून ओढून माझ्याकडे सरकवतायत. मी नाही बसणार त्यात. ताटल्या आण, गार होतंय.”

आम्ही जेवलो. गंबोत मीठ जास्त होतं, ते मात्र मी तिला सांगितलं.

तेवढ्यावर थांबेल तर ती जॉर्जेट कसली. आमच्या वयाच्या, त्या खुर्च्यांवर बसून बसून म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या बायकांना तिनं फोन लावले. कंपनीनं जिला जिला विचारलं तिनं तेच एक वाक्य ऐकवलं, पर्ल आर्नेटा प्रुइटची आहे. बर्नाडिनला कित्येक महिने काम नाही, तीसुद्धा नाही म्हणाली. नंतर मला फोनवर म्हणते, “नाही म्हणायला इतकी मजा येते, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही गं!” शेवटी कंपनी नमली. वर केझायानं पर्लच्या बहिणीच्या भूमिकेत जॉर्जेटला घेतलं. त्या दिवशी केझायाच्या ऑफिसात जॉर्जेट हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

सगळे म्हणतात, आर्नेटा, किती भाग्याची तू. मी हो म्हणते. मग घरी येते आणि किल्ली हातात धरून अंगणात उभी राहते.

एक सहज विचारायचं होतं. आईजवळ शेवटी तू होतीस. तिचं ते सुरू झालं तेव्हा ती किती वर्षांची होती? तुझ्या पहिल्यांदा काय लक्षात आलं? पर्लच्या भूमिकेसाठी उपयोगी पडेल, म्हणून विचारते.

चर्चमधल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
आर्नेटा

ता. क. फोन करू नकोस, लिहून कळव. फोनवर हल्ली माझा गोंधळ उडतो.


इंगलवूड,
मंगळवार, २९ एप्रिल

वेल्डा,

तुझं पत्र मिळालं. तू एकच ओळ लिहिलीस, ‘आर्नेटा, हे पर्लसाठी नाहीये.’ दुसरं कुणी असतं तर मी भांडले असते.

नाहीये पर्लसाठी.

सरळ क्रमानं सांगायचा प्रयत्न करते. चुकलं तर समजून घे. पहिल्या वाचनाला आम्ही सगळे लांबलचक टेबलाभोवती बसलो होतो. कंपनीचे लोक भिंतीला टेकून उभे. माझं छान चाललं होतं. पान उलटलं आणि झालं. अक्षरं दिसत होती, वाचताही येत होती, पण ती मी म्हणायची की कुणी मला म्हणायची, हेच कळेना. पर्ल म्हणजे कोण, तेही कळेना. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी नम्रपणे वाट बघतेय, पर्ल कधी बोलेल याची.

शेजारी जॉर्जेट होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि बहिणीच्या आवाजात म्हणाली, “पर्ल, तू अशी गप्प बसलीस ना की मला धडकी भरते. थांब, तुझ्या मनातलं मीच बोलते.” आणि माझे सगळे संवाद तिनंच म्हटले, मला चिडवत, माझी नक्कल करत. भिंतीजवळचे लोक खो खो हसले. केझाया म्हणाली, हे असंच ठेवायचं. कुणाला काही कळलं नाही.

गाड्या लावतो तिथे तिनं मला गाठलं. “कधीपासून?”

“रक्तदाबाची गोळी बदललीय डॉक्टरांनी.”

“आर्नेटा. माझा भाऊ गेला यात. मला गोळ्या सांगू नकोस.”

मग मी तिला सांगितलं. तुला नव्हतं सांगितलं, तिला सांगितलं. राग धरू नकोस. नाताळच्या आधी मी रोजच्या दुकानातून निघाले आणि भलत्याच गावात पोचले. परवा तापलेली इस्त्री कपड्यांच्या कपाटात सापडली. पाठांतराचा तर मला केवढा गर्व होता, एकदा वाचलं की डोक्यात बसायचं. आता रोज सकाळी पर्ल नव्यानं भेटते.

मी म्हटलं, “तूच कर पर्ल. मी केझायाला सांगते.”

ती गाडीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “मला हवीय पर्ल. पहिल्या दिवसापासून हवीय. खोटं कशाला बोलू? म्हणून सांगते, एवढ्यात देऊ नकोस. दिलीस तर मी घेईन.”

“त्या सगळ्या माझ्यासाठी नाही म्हणाल्या. बर्नाडिन नाही म्हणाली. आणि मी अशी... त्यांना काय तोंड दाखवू?”

“तुझ्या पाठांतरासाठी नव्हत्या त्या नाही म्हणाल्या,” जॉर्जेट म्हणाली आणि नाक शिंकरायला वळली.

मी खूप गोंधळले होते, वेल्डा. अजूनही आहे. गप्प राहिले तर मी त्या पोरीला, केझायाला, फसवतेय. बोलले तर कंपनी म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतोच. आणि मग पुढच्या वेळी अशा वयाच्या बाईवर सिनेमा काढायचं नाव कोण घेईल? एका बाईच्या चुकीची शिक्षा आपल्यात सगळ्यांना होते. पण आजार ही चूक असते का? रोज एक ठरवायचे आणि रोज उलट वाटायचं. कधी कधी तर काय ठरवलं होतं तेच विसरायचे. ते एका परीनं बरंच.

शेवटी गेले केझायाकडे. जॉर्जेट बरोबर आली, पण दाराबाहेर थांबली. केझायानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेन्सिल फिरवत बसली. तिची मोठी संधी आहे ही, अशी पुन्हा मिळेल न मिळेल. मला वाटलं, आता ही नाइलाजानं गोड बोलेल आणि मला घरी पाठवेल. तिनं विचारलं, “मिस आर्नेटा, तुम्हाला करायचंय का?”

हे मला आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी हो म्हणाले.

मग डॉक्टरांकडे जाऊन आले. आईचंच दुखणं, विसरण्याचं, पण अजून सुरुवात आहे, असं म्हणाले. कागद तुला पाठवीन. केझायानं कंपनीला स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. मी कानात बारीक यंत्र घालीन आणि संवाद कुणीतरी सांगेल, असं म्हणाली. ते कुरकुरले. ती म्हणाली, “तुमचे मोठमोठे पुरुष नट वर्षानुवर्षं ते घालतात. त्यांना कधी विचारलंत, पाठ का नाही म्हणून?” सिनेमाच्या विम्यावरून पुष्कळ रडारड झाली. ऐन वेळी मला जमेना झालं तर पर्ल जॉर्जेट पुरी करील, असं लिहून घेतलं, तेव्हा कुठे सही झाली. त्या कागदावर जॉर्जेटनंही सही केली. सही करताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संवाद सांगणारी कोण, हे आता तुला सांगायला नको. माझ्या दृश्यांच्या दिवशी ती एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची, मांडीवर संहिता, तोंडाशी माइक. तिच्या आवाजात पर्ल माझ्या कानात यायची आणि माझ्या तोंडून बाहेर पडायची. मधूनच कानात ऐकू यायचं, “मान वर, म्हातारे. त्या दिव्यात सुंदर दिसतेयस, वाया घालवू नकोस.” कधी एखादं वाक्य ती मुद्दाम इतकं सुंदर म्हणायची की मला तसं म्हणताच येणार नाही. तेव्हा मी पेटून उठायचे आणि आणखी चांगलं म्हणायचे. या बाईला मी ओळखते असं मला वाटत होतं. अजिबात ओळखत नाही.

आता शेवटच्या दिवसाचं. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

पर्ल रिकामी बस चालवतेय आणि मेलेल्या नवऱ्याशी, रूफसशी, बोलतेय. लांबलचक बोलणं, मध्ये कुठे तोडायचं नाही. जॉर्जेट एकेक वाक्य देत होती, मी म्हणत होते. बाहेर ऊन होतं, रस्ता मोकळा. आणि मग मी शेजारच्या सीटकडे बघून म्हणाले, “वेल्डा, सीटवर उभी राहू नकोस, ड्रायव्हर ओरडेल. ये, माझ्या मांडीवर ये. आई पुढच्या थांब्यावर चढणार आहे, तिनं सांगितलंय मला. रडायचं नाही. मी आहे ना.”

आणि असंच कितीतरी वेळ. कानात जॉर्जेट गप्प झाली होती. तिनं मला थांबवलं नाही, परत आणलं नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

केझाया ‘कट’ म्हणाली तेव्हा सेटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाला रडत होता. केझायानं मला मिठी मारली आणि म्हणाली, हेच ठेवणार, यातला एक शब्दसुद्धा कापणार नाही, कुठून आणलंत हे? मी हसले. नट्या हसतात तशी.

जॉर्जेटनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती आली, माझ्या कानातलं यंत्र हळूच काढलं आणि मला पाणी दिलं. मी तिला विचारलं, “मी अभिनय केला ना गं?” ती म्हणाली, “मला काय ठाऊक? मी तुझ्या कानात होते, डोक्यात नव्हते.”

खरं सांगते, मलाही ठाऊक नाही. ते ऊन मला आठवतं, तुझा लहानपणीचा तो पिवळा फ्रॉक आठवतो. कॅमेरा होता हे आठवत नाही.

पुढच्या महिन्यात जॉर्जेट मला मन्रोला तुझ्याकडे घेऊन येतेय. विमानात ती खिडकी मागणार, मला आत्ताच सांगून ठेवलंय. तिला बाहेरच्या खोलीत झोपव, ती घोरते. मी तुझ्या खोलीत झोपेन.

सिनेमा लागला की तू जा. ते दृश्य आलं की नीट बघ आणि मग मला सांग, ती पर्ल होती की मी होते. लोक काहीही म्हणतील, पण हे ओळखणारी आता तू एकटीच उरली आहेस. आणि तू सांगायला आलीस आणि मी असं काही विचारलं होतं हेच मला आठवत नसलं, तर आधी मला हे पत्र वाचून दाखव.

आज तरी पूर्णपणे तुझीच,
आर्नेटा