फाटकावरची लाल वही

५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांकडून कळलंच असेल. मालवाहतुकीच्या डेपोचा कारभार माझ्याकडे आला. इथली पहिली बाई प्रमुख, पण तीन महिने तात्पुरती. एकतीस मार्चला मुख्य कार्यालय ठरवणार, कायम करायचं की परत डिस्पॅचच्या टेबलावर बसवायचं. पत्र लिहिते, कारण केबिनला चारही बाजूंनी काचा आहेत आणि मी फोन उचलला की खाली माल चढवायच्या डॉकवरची माणसं माझ्या ओठांकडे बघतात.

सगळे फार गोड वागतात, तेच खटकतं. आणि फाटकावर एक वयस्क तपासनीस आहेत, सगळे त्यांना वहीवाले म्हणतात. मी जिना उतरले की ते लाल वहीत काहीतरी टिपतात. काय लिहिता म्हणून विचारलं, तर वही मिटून म्हणाले, सवय आहे. तू इथे डिस्पॅचला होतीस, तेव्हाचेच ना हे?

गुडघ्याला जप. माया आहे तशी राहू दे.

तुझी भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी टेबलाखाली शिरून माझे शिक्के मारत सुटायचीस, आता खुर्चीत बसलीस! ऊर भरून आला.

वहीवाला तोच. मी विभागप्रमुख होणार हे ठरलं होतं, तेवढ्यात हा माझ्याविरुद्ध वर लिहून मोकळा झाला. नंतर एकोणीस वर्षं त्याच टेबलावर काढली मी. तो काही बोलत नाही, नुसता टिपतो, आणि वेळ आली की वही उघडतो. त्याने तुझा काटा काढायच्या आत तू त्याला हलव. परत आलेल्या मालाचं गोदाम आहे ना मागे, तिथे बसव. तिथे टिपायला काही नाही.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. काल इस्पितळाच्या औषधांचा ट्रेलर वहीवाल्यांनी फाटकावर अडवला, सगळ्यांदेखत. दारावरच्या सीलचा नंबर आणि माझ्या सहीच्या कागदावरचा नंबर वेगळा. शेजारी रंगाच्या डब्यांचा ट्रेलर उभा होता, त्याच्याशी कागदांची अदलाबदल झालेली. मला विचारशील तर कुठेतरी पाणी मुरतंय. अदलाबदल त्यांनीच केली असणार. मी केबिनमध्ये बसूनच सही केली होती हे खरं, पण चार गाड्या खोळंबल्या होत्या, आणि तसं सगळेच करतात.

त्यांच्या बदलीचा आदेश टाइप करून ठेवलाय, सोमवारी सही करीन. एकच विचारायचं होतं. तुझ्याविरुद्ध त्यांनी नेमकं काय लिहिलं होतं? बाबांनाही ते ठाऊक नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच मिळालं. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. बरंच झालं, तोंडाने मला हे सांगता आलं नसतं.

तो आदेश फाडून टाक. त्याने लिहिलं ते खरं होतं. टेबलावर बसून मी एका दमात अकरा गाड्यांच्या कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकीला सीलच नव्हतं, आणि अर्धा माल वाटेतच चोरीला गेला. गाडी निघण्याआधी तो वर आला होता. खाली येऊन एकदा बघा म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू आपलं फाटक सांभाळ.

माझ्या आधीचा साहेब वर्षानुवर्षं अशाच सह्या करायचा आणि त्याला बढती मिळाली, हेही तितकंच खरं. तो राग मी अजून सोडलेला नाही. पण त्या रागाचं माप मी भलत्याच माणसाच्या पदरात घातलं, आणि आता तुझ्या हातून त्याला पुन्हा शिक्षा करायला निघाले होते. मला लाज वाटते.

रागावलीस तरी पत्र धाड.

आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. सही सोमवारीच झाली होती.

आदेश घ्यायला वहीवाले वर आले. लाल वही माझ्या टेबलावर ठेवली आणि मागच्या गोदामात गेले. मी ती सोमवारपासून उघडलीच नव्हती, माझ्याविरुद्ध काय काय असेल या धास्तीने. आज उघडली. जानेवारीपासून मी ज्या ज्या दिवशी स्वतः डॉकवर उतरून सील बघितलं, ते दिवस वेळेसकट लिहिलेत. दहा मार्चला एवढंच आहे: डॉकवर कागद चुकून बदलले. बाई आज खाली आल्या नाहीत. गाडी अडवली. वर कळवलं नाही. मागच्या वेळी कळवलं होतं.

आत्या, मी बराच वेळ जिन्यावर बसून होते. बघतील त्यांना बघू दे.

बदली रद्द केली. रद्द का केली ते मुख्य कार्यालयाला लिहावं लागतं, म्हणून न बघता सही केल्याचं माझ्या नावानिशी लिहून पाठवलं. एकतीस तारखेला काय होईल ते होईल.

तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. ते तू लिहायचंस, आणि मला नाही. वहीवाल्यांच्या घरचा पत्ता खाली देते.

तुझीच,
भिंगरी