गोल झाला तरी तिला बाहेर काढलंत!

प्रिय भावोजी,

तुम्ही गेल्यानंतर काल पहिल्यांदा तुमच्या फुटबॉलच्या मुलींचा सामना झाला. घरी येऊन तुमच्या भावाला सांगायला बसले, तर हे टीव्हीसमोर डुलक्या घेत होते. मग सांगायचं कुणाला? स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळा सामना पुन्हा खेळून दाखवायची सवय तुमची. आज माझी पाळी.

सामन्याआधी क्लबचे अध्यक्ष गुप्ताजी जवळ आले. "भाभीजी, नया कोच देख रहे हैं. बिलकुल उनके जैसा ही ढूँढना है न?"

'हो' काही माझ्या तोंडून निघेना. वाईट वाटलं का? थांबा, लगेच रागावू नका.

तुमच्यासारखा माणूस मिळणं कठीण, हे मी कुणालाही सांगेन. मोठ्या शहरांतल्या क्लबांनी पगारावर बोलावलं आणि हंगाम संपता संपता नारळ दिला. तरी झाशीला परत येऊन या पोरींना शिकवताना तुम्ही कधी हातचं राखलं नाहीत. चिरगाँवची पिंकी आठवते? आपल्याच जाळ्यात गोल मारून बसली आणि यायचीच बंद झाली. तुम्ही बसनं तिच्या घरी गेलात. तिच्या वडिलांशी वाटाण्याच्या पिकावर गप्पा मारल्यात, जेवलात, परत आलात. फुटबॉलचा शब्दही काढला नाहीत म्हणे! दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी मैदानावर हजर. घाबरलेल्या मुलीशी काय बोलायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं?

पण सामना सुरू झाला की हा माणूस जायचा कुठे हो? "बिन्नू, उजवीकडे! बिन्नू, मागे!" इथल्या बोलीत सगळ्याच पोरी तुमच्या लाडक्या बिन्नू, आणि रेषेवर उभं राहून प्रत्येकीचा चेंडू तुम्हीच खेळायचात. त्या प्रीतीचं काय केलंत? बबीना छावणीतल्या हवालदाराची मुलगी, संघाची कप्तान. तुम्ही उजवीकडे ओरडलात, तिनं डावीकडे पास दिला आणि त्यावर गोल झाला. गोल झाला, भावोजी! तरी तिला बाहेर काढलंत. घरी आल्यावर मी भांडले, तर म्हणालात, "वहिनी, आज चाललं, उद्या नाही चालणार." चुकलात तुम्ही. तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते.

काल त्याचाच त्रास झाला. चेंडू पायात आला की एकेक मुलगी आधी रेषेकडे बघायची. तिथे कुणी नव्हतं. तेवढ्यात समोरच्या ग्वाल्हेरच्या मुली चेंडू काढून न्यायच्या. मध्यंतराआधी एक गोल बसलाच.

मध्यंतरात मी लिंबूपाणी वाटत होते. पोरी नुसत्या बुटांच्या नाड्या ओढत बसलेल्या. पिंकी तर रडायच्या बेतात. प्रीतीनं विचारलं, "चाचीजी, सरजी होते तो क्या कहते?"

मी काय सांगणार? मला अजून ऑफसाइडसुद्धा नीट कळत नाही. "वो तो किसी को बोलने ही कहाँ देते थे," मी म्हटलं. "तू बता, तुझे क्या दिख रहा है?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "उनकी लेफ्ट वाली आगे चढ़ जाती है, लौट नहीं पाती. पिंकी, तू उसके पीछे भाग, गेंद मैं डालूँगी."

मग दुसरी बोलली, तिसरी बोलली, सगळ्या एकदम! आणि काय सांगू, त्यातला शब्द न् शब्द तुमचा होता. शिकवलं सगळं होतंत, भावोजी. फक्त त्यांच्या ताब्यात दिलं नव्हतंत.

दुसऱ्या सत्रात प्रीतीनं चेंडू टाकला, पिंकी धावली आणि गोल! मी अशी किंचाळले की शेजारच्या बाईंचा चहा सांडला. सामना बरोबरीत सुटला. जिंकायची एक संधी हुकली, पण परतताना पोरी आपसांत भांडत होत्या, पास कुणाला द्यायला हवा होता यावर. किती छान भांडत होत्या!

तेव्हा मी गुप्ताजींना उत्तर दिलं. "दिल उनके जैसा चाहिए, पर मैच में थोड़ा चुप रहने वाला. और लड़कियों से भी पूछिए."

"खिलाड़ी कोच चुनेंगी?"

"चुनिए आप. वो बोलेंगी तो सही."

ते तडक निघून गेले. मला वाटलं, दुखावले. पण आत्ताच त्यांचा फोन आला. नव्या कोचच्या मुलाखतींना प्रीतीलाही बसवणार आहेत!

नवे सर येतील. एखादा सामना हरले की "सरजी होते तो…" सुरू होईल. तेव्हा मी मुलींना तुमची माया सांगेन आणि तुमचा हट्टही सांगेन. तुम्हाला हार घातलेल्या फोटोतला देव होऊ देणार नाही, हा माझा शब्द.

आणि हो, रविवारी कानपूरला मुलींबरोबर मीही जाते आहे. बाकावर अगदी गप्प बसेन. निदान गोल होईपर्यंत.

तुमच्याशी अजूनही भांडणारी,
सुमनवहिनी