जंतू या शब्दाची दुरुस्ती होऊन मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, हिरेबोरगाव,
ता. अक्कलकोट, जि. सोलापूर.

विषय: जंतू व जंत वेगळे असल्याचे गावास कन्नडमधून सांगून माझ्या पत्नीस जंताची गोळी देणेबाबत.
संदर्भ: समाजमंदिरातील माझे व्याख्यान (दुर्दैवाने सर्वांच्या लक्षात असलेले).

महोदया,

सविनय सादर करतो की, मी आपल्या उपकेंद्रात आरोग्य सेवक असून मूळचा अकलूजचा आहे. गाव कन्नड बोलणारे असून मला कन्नडमध्ये 'ऊटा आयता', म्हणजे जेवण झाले का, एवढेच विचारता येते. उत्तर समजत नाही.

१. गरोदर मातांना जंताची गोळी वाटण्यापूर्वी मी दोन शब्द बोलावेत असे ठरले होते. मी दोन शब्दांवर थांबणारा माणूस नाही. मोबाईलवर वाचलेले नवे संशोधन सांगितले: आईच्या आतड्यातील जंतूंचा परिणाम बाळाच्या मेंदूला येणाऱ्या सुजेवर होतो, म्हणून चांगले जंतू जपावेत. प्रयोग बहुतांशी उंदरांवरचे आहेत, हे भाषणाचे वजन घटेल म्हणून गाळले. टाळ्या पडल्या.

२. कन्नडमध्ये पोटातल्या जंतांनाच जंतू म्हणतात, हे मला नंतर कळले. गावातील शिवम्मा यांनी गरोदर सुनेची गोळी परत केली. म्हणाल्या, "सायेब, जंतू राखा म्हून तुमीच सांगितलं की. आता मारायला गोळी देताय व्हय?" मागोमाग बाकीच्यांनीही परत केल्या. जंतू डोळ्यांना न दिसण्याइतके लहान, जंत मोठे, असा फरक मी घरोघरी समजावला. त्यावरून लहान मारावेत, मोठे ठेवावेत, असा अर्थ निघाला आहे.

३. माझी पत्नी सौ. ऋतुजा हीसुद्धा सभेत होती. तिला सहावा महिना असून अंगात रक्त कमी आहे, तपासणीत जंतही निघाले आहेत. ती म्हणते, "गावाला एक आन् घरात एक व्हय? सगळ्याजणी न्हाय म्हणत्यात, मी एकटीच बाळाचं डोकं बिघडवून घेऊ?" मी उंदरांचे कबूल केले. तेव्हापासून ती माझे काहीच खरे मानत नाही. माझ्या आईने फोनवर निकाल दिला, "तुज्याकडं बगून वाटतंय, माज्या पोटात तवा चांगलं जंतू नव्हतंच."

४. भाकरी थापताना ऋतुजा मध्येच भिंतीला टेकून डोळे मिटते. तेव्हा मला फार भीती वाटते. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहावे ते सुचले नाही.

तरी आपली मायबोली कन्नड असल्याने आपण स्वतः येऊन, मला बोलू न देता, खुलासा करावा. शक्य झाल्यास प्रथम माझ्या घरी यावे, ही विनंती.

आपला नम्र (व यापुढे अबोल),
जोतिराम बिभीषण वाघमोडे
आरोग्य सेवक
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत:
१. भाषणाचा कागद. कोणासही वाचून दाखवू नये.
२. परत आलेल्या गोळ्या. ऋतुजाची जोडलेली नाही, ती मी खिशात घेऊन फिरत आहे.