डाव्या बॅटरीचं पाणी

४ मार्च, सोमवार

आठ दिवस झाले येऊन, वही पिशवीतून आज काढली. रोज म्हणायचो लिहू. मग पेन सापडायचं नाही. पेन सापडलं की वही कुठेतरी कपड्यांखाली. दोन्ही सापडली की लाइट जायची, आणि लाइट गेली की मला काही सुचत नाही — मी नुसता बाबांच्या नाकातल्या नळीकडे बघत बसतो.

तर लिहितो. ताई घर सोडून गेली. म्हणून मी आलो. मला घरातल्या कुणी बोलावलं नाही. शेजारच्या शिंपीणबाईंचा फोन आला. "तुझे वडील एकटे आहेत रे. बाकी तू आणि तुझं नशीब." मी तेव्हा फिरत्या मेळ्यात मोठ्या चक्राचे, म्हणजे आकाशपाळण्याचे, दिवे जोडत होतो. अर्धं चक्र उजळलेलं, अर्धं आंधळं — तसंच टाकून निघालो. मेळेवाला म्हणाला, "परत येऊ नकोस." हे मला सगळेच म्हणतात.

बाबांनी चोवीस वर्षं फरशीच्या कारखान्यात दगड घासले. ती धूळ छातीत बसली. आता उशाशी ऑक्सिजनचं मशीन, ते दिवसरात्र चालतं. रोज दुपारी एकला लाइट जाते ती साडेतीनला येते. तेवढा वेळ मशीन इन्व्हर्टरवर. जिन्याखाली दोन बॅटऱ्या आहेत, गेल्या वर्षी नव्या घेतलेल्या. चार तास सहज चालायला हव्यात. चालतात पाऊण तास! चारही हिरवे दिवे लागलेले, म्हणजे चार्ज फुल — आणि पाऊण तासात टीं टीं टीं, खलास. मग मी धावत छोटा सिलिंडर लावतो. तो साडेतीनपर्यंत जेमतेम पुरतो. लाइट यायला उशीर झाला तर काय, ह्याचा विचार करत नाही.

५ मार्च, मंगळवार

"काय पाहुणे, मुक्काम किती?"

रोज सकाळी बाबांचा हाच प्रश्न. मी म्हणतो, "बघू." ते म्हणतात, "बघा, बघा. बॅग भरलेलीच आहे ना?" एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबून श्वास घ्यावा लागतो, पण टोमणा पुरा करतात.

ताई का गेली ते शिंपीणबाईंनी सांगितलं. ताई न्हाणीघरात होती, नळ चालू, बॅटरी संपली ते तिला ऐकूच आलं नाही. बाहेर आली तर बाबा निळे पडलेले. सिलिंडर लावला, वाचले. बोलता यायला लागल्यावर पहिलं काय बोलले? चार शेजारी उभे असताना — "बॅटरीत पाणी घालत नाही ही. माझ्या मरणाची वाट बघतेय."

ताईनं भांडी घासून पालथी घातली. पिशवी भरली. शिंपीणबाईंना म्हणाली, "नवीन सिलिंडर भरून ठेवलाय. त्याला कळवा." त्याला म्हणजे मला. माझं नावही घेतलं नाही.

मी काय कमी आहे? आल्या आल्या बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाहिली. उजवीत पाणी ठीक. डावीत खुणेच्या खाली, पट्ट्या उघड्या पडायच्या बेतात. लगेच ताईला फोन. "पाणी तरी बघायचंस ना ताई!"

"दर पंधरा दिवसांनी घालते," ती म्हणाली. "चार वर्षांनी उगवलास भटक्या, आणि मला पाणी शिकवतोस?"

कट. तेव्हापासून फोन बंद.

दर पंधरा दिवसांनी! बॅटरीला चार-चार महिने पाणी लागत नाही. थाप मारायची तर जरा पटेल अशी मारावी.

७ मार्च, गुरुवार

आज चाळीसच मिनिटं.

८ मार्च, शुक्रवार

वायरींचे पेच घट्ट केले. टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, ग्रीस लावलं. डावीत बाटलीभर डिस्टिल्ड वॉटर ओतलं. मी मेळ्यात एवढं शिकलोय, अगदीच ढ नाही.

एकेचाळीस मिनिटं. एका मिनिटाचा पराक्रम!

सिलिंडर लावून मागच्या गॅलरीत जाऊन बसलो. तिथे काचेची टाकी आहे. माझे मासे! म्हणजे मी पंधराचा असताना आणलेले. त्यातला एक अजून आहे, एका डोळ्याचा, चांगला तळहाताएवढा झालाय. बाकीचे चार नवे दिसतात. ताईनं सांभाळले. कशासाठी कोण जाणे, तिला तर माशांचा वास सहन व्हायचा नाही. काच लख्ख पुसलेली. खायला टाकलं तर तो आंधळ्या बाजूनं गोल फिरून येतो. मी बराच वेळ तेच करत बसलो, इकडून टाक, तिकडून टाक. घरभर शांत, पंखे बंद, फक्त टाकीतले बुडबुडे चाललेले. बरं वाटलं.

बाबांनी आतून कप आपटला तेव्हा उठलो. "पाहुणे झोपले वाटतं."

९ मार्च, शनिवार

बॅटरीवाला आला. गोल माणूस, खिशात मीटर, हातात रबरी फुग्याची काचेची नळी. सरळ जिन्याखाली घुसला, अर्धा आत अर्धा बाहेर, आणि आतूनच बोलत होता.

"भाऊ, कुणी सांगितलं चार्ज फुल आहे?"

"चार हिरवे दिवे आहेत ना."

"दिव्यांवर जाऊ नका. दिवे दोघींची बेरीज बघतात. बेरीज बरोबर आहे. आता एकेकीला विचारू."

मीटर लावला. डावी चौदाच्याही वर. उजवी तेराच्या खाली. मग त्या नळीत एकेका खान्यातलं पाणी ओढून पाहिलं. डावीत आतला तरंगता काटा वर उभा, म्हणजे भरलेली. उजवीत सहाच्या सहा खान्यांत बुडालेला.

"बघा. डावीला पोट फुटेस्तोवर वाढताय, म्हणून तिचं पाणी सारखं उडून जातंय. ही उजवी उपाशी. भार आला की हीच आधी बसते, आणि ही बसली की सगळं बसतं."

मी विचारलं, "म्हणजे डावीचं पाणी... कुणी घातलं नाही म्हणून नाही?"

"छे! उलट कुणीतरी सारखं घालतंय म्हणून ती अजून जिवंत आहे. नाहीतर केव्हाच जळाली असती." मग डोकं बाहेर काढलं. "उजवीतून मधल्यामध्ये कुणीतरी खातंय भाऊ. चोवीस तास. ही बारीक वायर कसली?"

मी वाकून पाहिलं.

"गेल्या वर्षी नव्या बसवल्या तेव्हाही होती," तो म्हणाला. "मी काढत होतो. तर तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, राहू दे, भावानं लावलीय, होती तशीच जोडा."

आज पुढे लिहवत नाही.

१० मार्च, रविवार

लिही. लिही आता.

वायर माझी. निळी टेप, तीन वेढे, शेवटचं टोक आत दुमडलेलं — मी अजूनही तशीच बांधतो. चक्राच्या दोनशे दिव्यांना तशीच बांधलीय.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी लाइट गेली आणि सात मासे उलटे तरंगले. हवेचा पंप बंद पडला ना. मी भंगारवाल्याकडून गाडीवर चालणारा छोटा पंप आणला. बारा व्होल्टचा. दोन बॅटऱ्या मिळून चोवीस होतात, पंप जळेल, म्हणून एकाच बॅटरीवर जोडला. वायर भिंतीच्या कडेनं, जिन्यावरून, गॅलरीत. लाइट असो नसो, बुडबुडे चालू! काय हुशार वाटलं होतं! ताईला हाताला धरून दाखवायला नेलं. ती म्हणाली, "तू असलास की काही ना काही चालू राहतं हं." दोन दिवसांनी मी निघून गेलो.

आणि परवा त्याच बुडबुड्यांपाशी बसून मला बरं वाटत होतं. लाइट गेलेली, बुडबुडे चालू — तरी टाळक्यात शिरलं नाही. मेळ्यात शिकलो म्हणे!

माशांची हवा बाबांच्या हवेतून जात होती. मशीन आलं तेव्हापासून, तीन वर्षं. आणि बोलणी खाल्ली कुणी?

१२ मार्च, मंगळवार

उजवी बॅटरी बॅटरीवाला काल दुकानात घेऊन गेला, एकटीला सावकाश चार्ज करायला. तोवर बदली जोडून दिली होती. आज सकाळी परत आणली, नळी लावून दाखवली — काटा वर. निळी टेप मी स्वतः कापली.

एक वाजता लाइट गेली. मी मशीनकडे बघत नव्हतो, गॅलरीत होतो. आता पंप बंद म्हणून मगानं टाकीतलं पाणी उचलायचं आणि वरून धार धरायची, म्हणजे हवा मिसळते. शंभर मग. जरा थांबायचं. परत शंभर. एकडोळ्या धारेखाली येऊन उभा राहतो, साला.

साडेतीनला लाइट आली. टीं झालंच नाही. पुरे अडीच तास!

आनंद बिनंद काही झाला नाही. खांदा भरून आलाय.

१३ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. आडवळणानं सुरुवात केली, बेरीज, उपाशी बॅटरी वगैरे. ते म्हणाले, "मुद्द्याचं बोल." मग बोललो.

त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाले, "मासे? अजून आहेत?"

तीन वर्षं ते त्या गॅलरीत गेलेले नाहीत. नळी तिथवर पोचत नाही. आधी हसू आलं त्यांना, हसण्याचा खोकला झाला, मी पाठ चोळली. खोकला थांबला तरी मान भिंतीकडेच.

"मी तिला काय काय बोललो रे."

मी म्हटलं, "तुम्ही फोन करा. मी लावून देतो."

"मी नाही." मग श्वास घेऊन, "वायर तुझी. तू सांग."

शब्द तुमचे, हे तोंडावर आलं होतं माझ्या. गिळलं. मीही तिला पाण्यावरून बोललोच होतो की.

संध्याकाळी मेसेज लिहिला. लांबलचक. खोडला. परत लिहिला — त्यात मेळा आला, चक्र आलं, मेळेवाला आला, नको ते सगळं आलं. खोडला. शेवटी तीनच शब्द ठेवले. वायर माझी होती. पाठवला नाही. तिचा फोन बंद आहे, पाठवून काय उपयोग? उद्या बघू.

बाबांनी आज मुक्काम किती ते विचारलं नाही. उद्या विचारतील.

१४ मार्च, गुरुवार

दुपारी दोन. लाइट गेलेली, मी मग घेऊन टाकीपाशी — आणि दाराची कडी वाजली. शिंपीणबाई असतील म्हणून ओल्या हातानंच उघडलं.

ताई! हातात झाकणाची बादली. चपला काढल्या नाहीत. बाबांच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मासे न्यायला आलेय. तू जाशील, मग मरतील ते."

आतून बाबांनी मशीनच्या आवाजातूनच विचारलं, "कोण आहे?" मी बाजूला झालो. ती सरळ मागे गेली.

आता ती गॅलरीत आहे. बादलीत पाणी भरल्याचा आवाज येतोय. पंप बंद का, हे अजून विचारलेलं नाही. तिला काहीच माहीत नाही. आणि मी इथे जिन्यावर वही घेऊन काय बसलोय!