मागच्या कोपऱ्यातला कप

ब्रायर फोर्क, ओहायो
९ ऑक्टोबर १९८३

प्रिय एमिलभावजी,
स. न. वि. वि.

आधी तुमची छाती कशी आहे ते कळवा, मग बाकीचं. इकडे पानगळ संपत आली. पोर्चवर सकाळी दहिवर गोठलेलं असतं. तुम्ही टूसॉनच्या उन्हात लोळत असाल, मजा आहे.

बातमी चांगली नाही म्हणून लिहायला उशीर केला. थर्लोसाहेबांनी आपली नाणं टाकून चालणारी मशीनं त्यांच्या कारखान्यातून काढायला लावली. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पण मला उभ्या उभ्या सांगितलं की त्यांनी स्वतःची मशीनं विकत घेतली आहेत. सिनसिनाटीहून कोणी विक्रेता चकचकीत पुस्तिका घेऊन आला होता. त्याने म्हणे पटवलं की मशीन तुमचं तर नफाही तुमचाच, मधल्या माणसाला कशाला पोसता. मधला माणूस म्हणजे मी. माझा लॅड गेल्यापासून वर्षभर रोज पहाटे व्हॅन काढून त्यांची कॉफी नि सँडविचं भरणारी. साहेब बोलले अगदी सभ्यपणे. टायची गाठ चाचपत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

कॉफीचं मशीन हलवलं तेव्हा खाली फरशीवर त्याच्या मापाचा पांढराफटक चौकोन निघाला. त्याच्या पुढ्यातच लॅड गेला होता, एक गुडघा टेकून, मशीनचं दार उघडं, हातात धुवायचा ब्रश. मुलामा खात्यातली बर्निस म्हणते, अजून कोणी त्या जागेवर पाय देत नाही. दिवसभर शवपेट्यांच्या मुठी घासणारी माणसं ही, पण तिथून वळसा घालून जातात.

मशीन आता आपल्या गॅरेजमध्ये आहे. तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. कारखान्याच्या त्या जेवणाच्या खोलीत मी दार उघडलं की कोणीतरी सरकून मला जागा करून दिल्यासारखं वाटायचं. रोज वाटायचं. मशीन घरी येतंय म्हटल्यावर मला वाटलं, लॅडही येईल.

आला नाही. मशीनला वीज जोडून शेजारी खुर्ची टाकून बसते. ते घरघरतं, पाणी तापवतं, आणि पुन्हा गप्प होतं.

आठवण ठेवा, आणि बंडी घालत जा.
तुमची
वांडा

*

टूसॉन, ॲरिझोना
१७ ऑक्टोबर १९८३

ती. वांडावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

शाई फासली आहे ती डावऱ्या हाताची कृपा आहे, दारूची नाही. छाती बरी आहे. इथली हवा इतकी कोरडी की खोकलासुद्धा कंटाळून निघून गेला.

थर्लोसाहेबांचं वाचून मी हसलो, रागावू नका. असे मालक मी डझनावारी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात ते किल्ली खिशात घालून मिरवतात. मग सँडविच शिळं होतं. मग कोणाचं तरी नाणं अडकतं, कोणीतरी मशीनला लाथ घालतं, आणि एके दिवशी आपल्याला फोन येतो की जरा येऊन बघता का. तो फोन घेऊ नका. लॅडने आणि मी या धंद्यात एकच नियम कडक पाळला, दुसऱ्याच्या कुलपात आपली किल्ली घालायची नाही. एकदा हात लावला की त्या मशीनचं प्रत्येक दुखणं आपलं होतं. मशीन त्याचं, बोलणी मात्र तुम्हाला.

खरं सांगायचं तर, कोलंबसची ती मोठी कंपनी आपला मार्ग, म्हणजे सगळ्या ठिकाणची मशीनं नि गिऱ्हाइकं, विकत घ्यायला तयार असेल तर द्या विकून, व्हॅनसकट. इकडे या. माझ्या घरमालकिणीची वरची खोली रिकामी आहे, दारात संत्र्याचं झाड आहे.

लॅडबद्दल मी काय बोलू. मी इकडे आलो तेव्हापासून त्याने मला एक ओळ लिहिली नाही. ख्रिसमसच्या कार्डावर दोन्ही सह्या तुमच्याच अक्षरात. उभा केलेला धंदा टाकून मी ऊन खायला पळालो हे त्याने गिळलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. तुम्हाला तो भेटत नाही म्हणून तुम्ही रडता. मला तर तो आधीपासूनच भेटत नव्हता.

गॅरेजमध्ये बसू नका, सर्दी होईल. माया कमी होऊ देऊ नका.
आपला
एमिल

*

ब्रायर फोर्क
६ नोव्हेंबर १९८३

प्रिय एमिलभावजी,
स. न. वि. वि.

संत्र्याच्या झाडाचं आमिष दाखवायला मी काय लहान आहे? पत्र मात्र दोनदा वाचलं.

आज प्रार्थनेनंतर बर्निसने मला चर्चच्या जिन्याखाली ओढलं. तिचे हात बर्फासारखे गार होते. म्हणाली की लॅड कारखान्यात परत आला आहे.

लॅडची एक खोड होती, तुम्हाला माहीत नसेल. मशीन धुऊन भरलं की पहिला कप काढायचा, मशीनवर ठेवायचा आणि विसरून जायचा. रोज. बर्निस दुपारी तो गारढोण कप ओतून टाकायची आणि मला टोमणे मारायची. मी घरी येऊन लॅडला झापायची, की ऐन पन्नाशीत एवढा कसला विसरभोळेपणा. तो नुसता मान डोलवायचा. मी धंदा हातात घेतल्यावर असा कप कधी ठेवला नाही. मला कॉफी वाया गेलेली खपत नाही.

तर आता थर्लोसाहेबांच्या त्या कोऱ्या मशीनवर, भावजी, ज्याला लॅडने कधी बोट लावलं नाही त्या मशीनवर, रोज सकाळी भरलेला कप असतो. पहिल्या पाळीची माणसं कुलूप उघडून आत येतात तेव्हा तो तिथे असतोच. कोणी हात लावत नाही. कोणी त्या मशीनची कॉफीही पीत नाही, सगळ्यांनी घरून थर्मास आणायला सुरुवात केली आहे. साहेबांना सांगायची कोणाची छाती नाही. बर्निस म्हणाली की तिने एकदा टाचा उंचावून पाहिलं, कपातून अजून वाफ निघत होती.

तिला वाटलं मी घाबरेन. मी घाबरले नाही हो, मला राग आला. इथे मी त्याच्या मशीनशेजारी पोलक्यावर दोन स्वेटर चढवून बसते, आणि तो तिथे परक्याच्या मशीनवर जाऊन कप ठेवतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यासाठी कधी कप भरून ठेवला नाही.

वेडी झाले असं म्हणू नका. म्हणायचंच असेल तर लाडाने म्हणा.
तुमची
वांडा

*

टूसॉन
१४ नोव्हेंबर १९८३

ती. वांडावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

वेडी म्हणत नाही. भुतं असतात का हे मला ठाऊक नाही, पण लॅड भूत झालाच तर कामाच्या वेळेआधी हजर राहील एवढं खात्रीने सांगतो.

एक गोष्ट बर्निसला विचारा. कप मशीनवर नेमका कुठे असतो? पुढे, मध्ये, की मागे? का विचारतो ते आत्ता विचारू नका.

आणि फोन आला तर घेऊ नका. नियम म्हणजे नियम.

आपला
एमिल

*

ब्रायर फोर्क
२७ नोव्हेंबर १९८३

प्रिय एमिलभावजी,
स. न. वि. वि.

फोन आला आणि मी घेतला. नियम मोडला, खुशाल रागवा.

थर्लोसाहेब म्हणाले की मशीन बहुधा खराब निघालं, महिनाभर कोणी कॉफीच घेत नाही, आणि विक्रेता फोन उचलत नाही. एकदा बघून जाल का, असं अगदी पडेल आवाजात विचारलं. मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या मशीनसाठी नाही. मला तो कप बघायचा होता.

कोणी यायच्या आत बघायचा म्हणून मी अगदी पहाटे गेले. मागच्या दाराची किल्ली अजून माझ्याकडेच होती. जेवणाच्या खोलीत दिवा लागलेला होता आणि मशीनचं दार उघडं होतं. मशीनपुढे कोणीतरी एक गुडघा टेकून बसलं होतं, अगदी त्याच जागी. मी त्याचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं.

थर्लोसाहेब होते. टाय खांद्यावर टाकलेला, बाह्या कोपरापर्यंत, पुस्तिका फरशीवर उघडी. नोकराला पैसे द्यायला नको म्हणून ते रोज स्वतःच भरतात, आणि माणसांनी पाहू नये म्हणून इतक्या लवकर येतात. मला बघून चोरी पकडल्यासारखे लाल झाले. त्यांनी दार लावलं, पहिला कप काढला, चवड्यांवर उभे राहिले आणि हात ताणून तो मशीनवर ठेवला. अगदी मागे, भिंतीला टेकून, डाव्या कोपऱ्यात. माणूस ठेंगणा, निम्मी कॉफी बाहीवर सांडली. रोज सांडत असणार.

मी विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले, पुस्तिकेत नाही हे, पण लॅड रोज करायचा. ऑफिसच्या काचेतून ते वर्षानुवर्षं बघत आले. पहिला कप काढायचा, मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा, मग दिवसभर मशीन कुरकुरत नाही. गेल्या काही वर्षांत लॅडचं मशीन कधीच बंद पडलं नाही, म्हणजे त्यात काहीतरी तंत्र असणार. मग आवाज खाली आणून म्हणाले, लॅडने तुम्हाला हे शिकवलं नव्हतं वाटतं.

मी हसत सुटले, मग खुर्चीत बसून रडले. बिचारे रुमाल शोधत होते. त्यांना म्हटलं, बरोबर करता आहात, तसंच करत राहा. बाकी मशीन आतून इतकं घाण होतं की कॉफी प्यायला कोणी धजावणार नाही, भूत असो वा नसो. ते धुतलं. त्यांच्या मशीनची किल्ली घेऊन आले आहे.

बर्निसला सगळं सांगितलं. ती जरा हिरमुसलीच. माझंही तसंच झालं, भावजी. कोणी नव्हतं. लॅडच्या विसराळूपणाची नक्कल करणारा एक घाबरट मालक, एवढंच. घरी आल्यावर गॅरेज नुसतं गॅरेज वाटलं. लॅड इथे नाही, आणि तिथेही नाही. मग रोज पहाटे व्हॅन कोणासाठी काढायची? कोलंबसवाल्यांचा कागद टेबलावर आहे. पुढच्या सोमवारी त्यांचा माणूस येतोय, सही करून टाकते. वरची खोली अजून रिकामी आहे का ते घरमालकिणीला विचारा.

कोपऱ्याचं तुम्ही का विचारलं होतं?

तुमची
वांडा

*

टूसॉन
१ डिसेंबर १९८३, तातडीने

ती. वांडावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सही करू नका.

पत्र वाचल्यावर मी घरमालकिणीच्या संत्र्याखाली जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती विचारत होती काय झालं, मला सांगता येईना. तुम्हाला सांगतो.

आम्ही दोघं धंदा करायचो तेव्हा लॅड पुढून भरायचा आणि मी मागून दुरुस्ती करायचो. थर्लोकडच्या आपल्या कॉफी मशीनचा पंप पहिल्यापासून रडका. रोज ते भिंतीपासून ओढायचं, मी मागच्या फटीत आडवा शिरायचो आणि तिथेच खोकत बसायचो. लॅड पहिला कप काढायचा आणि काही न बोलता वर ठेवायचा, मागे, डाव्या कोपऱ्यात. कारण मी डावरा. न बघता हात वर केला की तो बरोबर हातात यायचा. त्या कागदी कपांवर पत्त्यांचे डाव छापलेले असायचे, ज्याचा डाव मोठा तो जिंकला, आठवतात? मी आतून माझा डाव ओरडून सांगायचो आणि लॅड दरवेळी त्याचा डाव माझ्याहून मोठा असल्याचं ठोकून द्यायचा. त्याच्या हातात कप नसायचाच.

तो विसरभोळा नव्हता, वहिनी. ती कॉफी माझी होती.

मी इकडे आलो, पंप नवा बसला, मशीन भिंतीला टेकलं, मागे कोणी शिरेना. तरी तो ठेवत राहिला. तुमची बोलणी खात राहिला आणि ठेवत राहिला. मी इथे बसून त्याच्या एका ओळीची वाट बघत होतो, आणि तो तिकडे रोज सकाळी माझ्यासाठी चवड्यांवर उभा राहत होता. मला हे कोणी कधी सांगितलं नाही, सांगणार तरी कोण. थर्लोसारख्या चिक्कू माणसाने त्याची नक्कल केली नसती तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. त्या साहेबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांचं मशीन बघत जा. नियम गेला खड्ड्यात.

तुम्ही म्हणता की त्याने तुमच्यासाठी कधी कप भरला नाही. तुम्ही समोर होतात ना, म्हणून.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ओहायोची थंडी या छातीला झेपणार नाही. मी म्हटलं, एक आठवडा झेपेल. बसचं तिकीट काढलं आहे. रविवारी संध्याकाळी पोहोचतो. खसखशीचा रोल करून ठेवा, आणि कोलंबसच्या माणसाला परत पाठवा.

सोमवारी सकाळी थर्लोसाहेबांना मशीन भिंतीपासून थोडं पुढे ओढून ठेवायला सांगा. मी मागे शिरेन. पहिला कप तुम्ही काढा, वर ठेवा आणि काही बोलू नका. मी हात वर करीन.

आपला
एमिल